कागदाचं कातडं: एका मऊ नकलेची लांबची गोष्ट

[कागद चुरगळल्याचा आवाज]

आजचा भाग या आवाजानं सुरू करतेय. इयरफोन लावून ऐकणाऱ्यांना कळलंच असेल, वाचणाऱ्यांसाठी सांगते: मी एक ओला कागद चुरगळतेय. हो, मुद्दाम. उलगडायचा, परत चुरगळायचा, परत उलगडायचा. दहाएक वेळा असं केलं की करकर वाजणारा कागद गप्प होतो. अगदी गप्प. आणि हाताला लागतो तो कागदासारखा नाही, तर मऊ, किंचित केसाळ चामड्यासारखा. शूजच्या दुकानात 'स्वेड' म्हणून जे मिळतं ना, तसा.

हातानं ग्रीटिंग कार्ड बनवणाऱ्यांमध्ये ही युक्ती चांगलीच प्रसिद्ध आहे. 'फॉक्स स्वेड' असं बरेच जण म्हणतात, खरा उच्चार 'फो' असा आहे. फ्रेंच शब्द, अर्थ खोटा. खोटं स्वेड. आज या खोट्या स्वेडचा इतिहास बघूया. दोन मिनिटांची रील बघून मी हे शिकले, पण शोधत गेले तर गोष्ट साडेतीनशे वर्षं मागे गेली, आणि वाटेत असं काही भेटलं की एका कार्डासाठी एवढा विचार करावा लागेल असं वाटलंच नव्हतं.

आत्याचा हात

आधी कार्डाचं सांगते. माझी आत्या शाळेतून निवृत्त झाली. तिला विकतचं कार्ड द्यायचं नव्हतं. पहिला प्रयत्न मी चकचकीत कार्डशीटवर केला. पाणी मारलं, चुरगळला, आणि त्याच्यावरचा चकचकीत थर पापुद्र्यासारखा सुटून आला. बाद. मग हातकागद आणला, सुती चिंध्यांपासून करतात तो. तो मात्र छान वठला. तपकिरी शाई हलकेच फिरवली, कडा फाडून ठेवल्या, वर एक पिंपळपान चिकटवलं. खरंच जुन्या चामडी वहीचं कव्हर वाटत होतं.

आत्यानं कार्ड हातात घेतलं, अंगठा फिरवला, आणि हात एकदम मागे घेतला.

"चामडं आहे का गं हे?"

आत्या माळकरी आहे. दरवर्षी वारीला जाते. तिच्या पर्समध्ये, पट्ट्यात, कुठेच चामडं नसतं. मी घाईघाईनं म्हटलं, "अगं आत्या, कागद आहे! नुसता कागद!" तेव्हा तिनं ते परत घेतलं, गालाला लावलं आणि हसून म्हणाली, "मांजराच्या कानासारखं लागतंय की."

सगळे हसले, चहा झाला, विषय संपला. पण तो मागे गेलेला हात माझ्या डोक्यातून जाईना. चामडं असतं तर नको, कागद आहे तर गालाला. वस्तू तीच, स्पर्श तोच. मग नेमकं बदललं काय? हा प्रश्न घेऊन मी वाचायला लागले आणि थेट जपानमध्ये जाऊन पोचले.

मुळात स्वेड म्हणजे काय?

जपानला जाण्याआधी एक छोटा थांबा. स्वेड हे कुठल्या वेगळ्या प्राण्याचं नाव नाही. ते एका देशाचं नाव आहे. फ्रेंचमध्ये स्वीडनला 'सुएद' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात युरोपात मऊ चामड्याचे हातमोजे चालायचे, त्यांना फ्रेंच लोक 'स्वीडनचे मोजे' म्हणायचे. मोजे मागे पडले, नाव चामड्याला चिकटलं.

चामड्याला दोन बाजू असतात. बाहेरची गुळगुळीत, जिच्यावर केस असतात ती. आणि आतली, मांसाकडची. ही आतली बाजू घासली की तिच्यातले बारीक तंतू मोकळे होऊन उभे राहतात. त्या उभ्या तंतूंची लव म्हणजे स्वेड. म्हणून त्यावर बोट फिरवलं की रेघ उमटते. एका दिशेला गडद, उलट फिरवलं की फिकट.

आता कागद. कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंची जाळी. पाण्यात सोडलेले तंतू चाळणीवर एकमेकांत अडकतात आणि वाळताना एकमेकांना घट्ट धरतात. या पकडीमुळेच कागद ताठ असतो, वाजतो. त्याला पाणी लावलं की पकड सैल होते. चुरगळलं, चोळलं की तंतू एकमेकांपासून सुटतात आणि वरचे तंतू उभे राहतात.

म्हणजे बघा हं. चामडं घासून तंतू उभे केले की स्वेड. कागद चोळून तंतू उभे केले की खोटं स्वेड. एकात प्राण्याचा तंतू, दुसऱ्यात झाडाचा. क्रिया एकच! मला हे कळलं तेव्हा 'खोटं' या शब्दाबद्दल पहिली शंका आली. दुसरी शंका पुढे येणार आहे, आणि ती जास्त मोठी आहे.

नागासाकीच्या बेटावरून आलेलं सोनं

आता चला सतराव्या शतकात. जपाननं परदेशी लोकांसाठी दारं जवळजवळ बंद केली होती. युरोपियनांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना परवानगी, तीही नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा नावाच्या एका छोट्या, माणसांनी भर घालून बनवलेल्या बेटावर. 1641 पासून पुढे दोनशेहून अधिक वर्षं युरोपचा माल जपानमध्ये यायचा तो याच खिडकीतून.

त्या मालात एक चीज होती: सोनेरी नक्षीचं चामडं. युरोपात श्रीमंतांच्या घरी हे भिंतींना लावायचे. उठावाची फुलं, पानं, पक्षी, आणि सगळं सोन्यासारखं झळाळणारं. जपानमध्ये ते इतकं महाग होतं की भिंतीला लावायचा प्रश्नच नाही. लहान लहान तुकडे कापून त्याच्या तंबाखूच्या पिशव्या करायचे. कमरेला तसली पिशवी लटकवणं म्हणजे आज महागातला फोन टेबलावर पालथा ठेवणं, जेणेकरून मागचा लोगो दिसेल.

आणि गंमत ऐका. ते सोनं सोनं नव्हतंच! युरोपातले कारागीर चामड्यावर चांदीचा वर्ख लावायचे आणि वरून पिवळं रोगण फिरवायचे. पिवळ्या रोगणाखालची चांदी सोन्यासारखी दिसते. म्हणजे ज्या अस्सल वस्तूसाठी सगळे वेडे झाले होते, ती स्वतःच एक नक्कल होती.

माल कमी, मागणी भरपूर. मग जपानी कारागिरांनी विचार केला, आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे कागद आहे.

ज्यांच्याकडे कागद होता

आणि कागद कसला! जपानी हातकागदासाठी वापरतात कोझो, म्हणजे कागदी तुतीची साल. तिचे तंतू साधारण 10 मिलिमीटरपर्यंत लांब असतात. आपल्या प्रिंटरच्या कागदात लाकडाचे तंतू असतात, ते एक ते तीन मिलिमीटरचे. लांब तंतू म्हणजे जास्त गुंतागुंत, म्हणून चुरगळला तरी फाटत नाही.

त्यामुळे कागद चुरगळून मऊ करणं जपानमध्ये आधीपासून होतंच. अशा चुरगळलेल्या कागदाला 'मोमिगामी' म्हणतात, 'मोमि' म्हणजे मळणं, चोळणं. कोन्याकु नावाच्या कंदाची खळ लावून कागद चिवट करायचा, मग कणीक मळावी तसा मळायचा. यातून चक्क कपडे शिवायचे! 'कामिको' म्हणजे कागदी अंगरखा. प्रसिद्ध हायकू कवी बाशो 1689 साली उत्तरेच्या लांबच्या पायी प्रवासाला निघाला, तेव्हा रात्रीच्या थंडीसाठी त्याच्या सामानात असा एक कागदी अंगरखा होता. आणि हे फक्त जुन्या काळातलं नाही. नारा शहरातल्या तोदाइजी मंदिरात दर वर्षी मार्चमध्ये मोठा विधी होतो, त्यात भिक्षू आजही कागदी वस्त्र घालतात.

म्हणजे आपण कार्डासाठी जी 'हॅक' वापरतो, ती या लोकांची रोजची विद्या होती. आता तिला फक्त चामड्याचं सोंग द्यायचं होतं. कागदाचे थर चिकटवायचे, नक्षी उमटवायची, चोळून सुरकुत्या आणायच्या, वनस्पतीचं तेल पाजायचं, रंग द्यायचा, रोगण फिरवायचं. कागद पाण्याला दाद देईना, वाकवला तरी मोडेना, आणि दिसायला अगदी चामडं. अठराव्या शतकातला हिरागा गेन्नाई नावाचा एक अफलातून माणूस, म्हणजे वैद्यकशास्त्रापासून वीज निर्माण करणाऱ्या यंत्रापर्यंत सगळ्यात नाक खुपसणारा, त्याचंही नाव या नकली सोनेरी चामड्याशी जोडलं जातं.

इसेचे यात्रेकरू

इथपर्यंतची गोष्ट ओळखीची आहे. अस्सल परवडत नाही, म्हणून नक्कल. आपल्या फॅशन स्ट्रीटवरचं तत्त्वज्ञान.

पण जपानमध्ये एक गाव होतं जिथे हे उलटं झालं. इसे. तिथलं देवस्थान जपानी लोकांसाठी आपल्या पंढरपूर-तुळजापूरसारखं. एदो काळात तिथे पायी जायची लाट यायची. 1830 साली तर काही महिन्यांत लाखो लोक गेले. नोकर मालकाला न सांगता, पोरं आईबापांना न सांगता निघायची.

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून याच वाटेवर कागदी चामड्याच्या तंबाखूच्या पिशव्या विकल्या जाऊ लागल्या. आणि त्या तुफान चालल्या. कारण काय? स्वस्त होत्या, हलक्या होत्या, हे आहेच. पण मोठं कारण वेगळं होतं. चामडं म्हणजे मेलेल्या जनावराचं अंग. मरणाचा विटाळ. अशी वस्तू अंगावर घेऊन देवाच्या दारी जायचं नाही. कागदाला विटाळ नाही. मग पिशवी दिसायला ऐटबाज चामड्याची, पण देवाला चालणारी!

आलं ना लक्षात? इथे नक्कल परवडते म्हणून घेतली नव्हती. अस्सल नको होतं म्हणून घेतली होती. नक्कलच जास्त शुद्ध होती.

आणि मला आत्याचा हात आठवला.

मग चामडं कोण करत होतं?

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. कारण पुढचा प्रश्न उघड होता. चामड्याला विटाळ, तर चामडं कमावणाऱ्या माणसांचं काय?

तुम्हाला उत्तर माहितीये. महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही ते फार समजावून सांगावं लागत नाही. मेलेली जनावरं ओढायची, कातडी सोलायची, ती कमवायची, ही कामं जपानमध्ये जन्मानं ठरलेल्या लोकांकडे होती. त्यांच्या वस्त्या वेगळ्या. त्यांच्याशी लग्नसंबंध नाहीत. त्यांना ज्या शब्दानं हाक मारायचे, तो लिहिताना 'घाण फार' अशा अर्थाची अक्षरं वापरायचे. तो शब्द मी इथे उच्चारत नाही. पुढे त्यांना 'बुराकु', म्हणजे वस्तीतले, असं म्हणू लागले.

आणि त्यांच्या वस्तू? त्या सगळ्यांना हव्या होत्या. सामुराईचं चिलखत चामड्याशिवाय पुरं होत नव्हतं. घोड्याचं खोगीर चामड्याचं. हिमेजीचं पांढरं चामडं देशभर नावाजलेलं. देवळांमधले मोठे ढोल, ज्यांच्या आवाजावर उत्सव चालायचे, त्यांच्यावर गाईचं कातडं ताणलेलं. कातडं देवळात गेलं. ज्यांनी कमावलं, त्यांना मात्र बाहेर ठेवलं.

आता ती इसेची पिशवी परत हातात घेऊन बघा. सुंदर आहेच. कारागिरी थक्क करणारी आहे. पण तिच्या 'शुद्ध' असण्यामागे कुणाला तरी 'अशुद्ध' ठरवलेलं आहे. कागद निर्दोष आहे. त्याला दिलेलं सर्टिफिकेट निर्दोष नाही.

1871: एकाच वर्षी दोन कागद

इतिहासात कधी कधी तारखा अशा शेजारी येऊन बसतात की नजर हटत नाही. 1871 हे तसं साल.

जपान आता जगासाठी उघडलेला. ब्रिटनमध्ये ग्लॅडस्टन पंतप्रधान. त्यांच्या सरकारनं 1869 साली जपानमधले आपले राजदूत हॅरी पार्क्स यांना सांगितलं की जपानी लोक कागद कसा करतात आणि त्याचं काय काय करतात याची माहिती पाठवा. पार्क्सनी नुसता अहवाल पाठवला नाही, तर 400 हून जास्त नमुने गोळा केले. कागदी कपडे, कागदी टोप्या, आणि अर्थातच कागदी चामडं. हा अहवाल 1871 साली ब्रिटिश पार्लमेंटसमोर आला. नमुने आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आणि क्यू इथल्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत.

त्याच 1871 साली जपान सरकारनं एक फर्मान काढलं: त्या बहिष्कृत जातींची नावं आणि दर्जे रद्द, आजपासून ते बाकीच्यांसारखेच नागरिक. कागदावर सगळं झालं. कागदावर. प्रत्यक्षात लग्नं जुळेनात, नोकऱ्या मिळेनात, आणि काही ठिकाणी तर या फर्मानाविरुद्ध दंगली उसळल्या. शेवटी 1922 साली क्योतोमध्ये या समाजानं स्वतःची संघटना उभी केली. तिचं नाव 'सुइहेइशा'. सुइहेइ म्हणजे पाण्यासारखी सपाट पातळी. सगळे एका पातळीवर. त्यानंतर पाच वर्षांनी, 1927 साली, आपल्याकडे महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतात. दोन देश, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन घटना, पण माझ्या डोक्यात त्या आता कायमच्या शेजारी आहेत.

राजवाड्यांच्या भिंती, आणि मग विस्मरण

कागदी चामड्याचं पुढे काय झालं ते पटकन सांगते. 1873 च्या व्हिएन्ना जागतिक प्रदर्शनात जपाननं ते मांडलं. युरोप खूश! पिशवीपुरतं असलेलं तंत्र आता भिंतीएवढं मोठं झालं. कोरीव लाकडी रुळावर ओला कागद पसरायचा, ताठ केसांच्या ब्रशनं ठोकून ठोकून नक्षी उठवायची, कथिलाचा वर्ख आणि वरून रोगण. जपानच्या नोटा छापणाऱ्या सरकारी खात्यानंसुद्धा हे वॉलपेपर बनवले आणि निर्यात केले. ज्या युरोपचं चामडं बघून नक्कल सुरू झाली, त्याच युरोपच्या दिवाणखान्यात ती नक्कल जाऊन बसली.

युरोप स्वतः तरी कुठे साधाभोळा होता? इंग्लंडमध्ये कागदावर नक्षीत डिंक लावून त्यावर लोकरीची भुकटी उधळायचे, की झाला मखमलीचा वॉलपेपर. अठराव्या शतकात हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातही तो लागला. याचा एक फायदा खऱ्या मखमलीलाही नव्हता: चिकटवायच्या द्रावात टर्पेंटाइन असायचं, त्यामुळे त्याला कसर लागत नसे.

विसाव्या शतकात यंत्रानं छापलेले स्वस्त वॉलपेपर आले आणि जपानचं सोनेरी कागदी चामडं बंद पडलं. इतकं, की ते करणारं कुणी उरलं नाही. 1980 च्या दशकात ओतारू शहरातली एका जहाज कंपनीची 1906 सालची इमारत दुरुस्त करायची होती, तिच्या भिंतींना हा कागद होता. तेव्हा ताकाशी उएदा या माणसानं जुने रूळ आणि जुने तुकडे बघून ही कला परत उभी केली. तोक्योमध्ये इवासाकी घराण्याची 1896 ची हवेली आहे, तिथल्या खोलीत आज त्या तंत्रानं परत केलेला कागद बघता येतो.

आणि एक शेवटची जपानी गंमत. आज दुकानात जे कृत्रिम स्वेड मिळतं, सोफ्यांवर, गाडीच्या सीटवर, त्याचा मोठा टप्पाही जपानमध्येच गाठला गेला. 1970 साली तोरे कंपनीचे मियोशी ओकामोतो यांनी केसापेक्षा कितीतरी बारीक कृत्रिम तंतू एकमेकांत गुंतवून स्वेडसारखं कापड केलं. ते विणलेलं नाही. तंतूंची जाळी आहे. म्हणजे कल्पनेनं कापडापेक्षा कागदाच्या जास्त जवळचं!

वर्धा: कागद आणि चामडं शेजारी शेजारी

आता घरी येऊया. माझा पहिला कार्डशीट फसला आणि हातकागद जमला, तो हातकागद मिळतो कुठून? आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. जुन्नरचा कागद पेशव्यांच्या दफ्तरांच्या काळात चालायचा. दौलताबादजवळच्या गावाचं तर नावच कागजीपुरा. गिरण्यांच्या कागदानं हे हात रिकामे केले. मग गांधीजींच्या प्रेरणेनं 1934 साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघायचे. मगनवाडीत हातकागद बनू लागला. 1940 साली पुण्यातही हातकागद संस्था उभी राहिली.

पण मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. वर्ध्याजवळ नालवाडीला, त्याच चळवळीतल्या लोकांनी चर्मालय चालवलं. आपोआप मेलेल्या जनावरांचं चामडं, स्वच्छ पद्धतीनं, आणि ज्या कामाला हलकं मानलं गेलं ते काम इतर जातींच्या लोकांनीही शिकायचं. जातीचा प्रश्न तेवढ्यानं सुटला असं कुणी म्हणणार नाही. बाबासाहेबांचा रस्ता वेगळा होता, हलकी ठरवलेली कामं सोडा, शिका, बाहेर पडा, असं सांगणारा. पण इसेनं जे केलं नाही ते इथे निदान मांडलं तरी गेलं. चामडं नको म्हणून कागद घ्यायचा, असा हा मामला नव्हता. कागद आणि चामडं, दोन्ही हातांची कामं, आणि दोन्ही हात सारखेच.

आता तुम्ही करा

एवढं ऐकलंत, तर कृती सांगायलाच हवी. लिहून घ्या, म्हणजे स्क्रीनशॉट काढा.

सुती चिंध्यांचा हातकागद घ्या, मध्यम जाडीचा. चकचकीत थर असलेला कागद नको, माझी फजिती ऐकलीत. दोन्ही बाजूंनी पाण्याचा फवारा मारा. कागद ओलसर हवा, निथळता नको. मुठीत हलकेच चुरगळा, गोळा करा, उलगडा. पहिल्या दोन वेळा फाटेल असं वाटतं, घाई करू नका. मग दिशा बदलत आठ-दहा वेळा तेच. मध्येच सुकला तर परत फवारा. कागदाचा आवाज बंद झाला की समजा तो तयार होतोय. मग दोन्ही हातांत धरून कपडा धुताना चोळतो तसा हलकेच चोळा. लव उठेल.

पसरून अर्धवट वाळू द्या. वरून सुती कापड ठेवून उलट्या बाजूनं कोमट इस्त्री फिरवा, पण फार दाबू नका, नाहीतर उठलेली लव परत बसेल. पूर्ण वाळल्यावर तपकिरी स्टॅम्प-पॅड वरच्यावर फिरवा. शाई फक्त सुरकुत्यांच्या माथ्यावर लागली पाहिजे. शाई नसेल तर सुरुवातीलाच पाण्याऐवजी दाट कॉफी वापरा. कडा कात्रीनं कापू नका, फाडा. आणि हा कागद आता लुळा झालेला असतो, म्हणून तो ताठ कार्डावर चिकटवा. गोंद पातळ नको, तो आरपार येतो आणि डाग पडतो.

झालं. साडेतीनशे वर्षांची कला, अर्ध्या तासात.

पखवाज

आत्याला मी ही सगळी गोष्ट सांगितली. इसे, यात्रेकरू, पिशव्या, आणि ज्यांना देवळाबाहेर ठेवलं ते लोक. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, तिला राग येईल, आपल्यावरच बोलतेय असं वाटेल. ती शिक्षिका होती पस्तीस वर्षं. मी बोलायची थांबले तशी म्हणाली,

"दिंडीत पखवाज वाजतो ना आमच्या, त्याला काय असतं?"

मी काही बोलले नाही.

"कातडंच असतं की. त्याच्या थापेवर तर नाचतो आम्ही. आणि रोहिदासांचा फोटो आहे आपल्या देवघरात, ते काय करायचे?" मग थोडं थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं, "पन्नास वर्षांत एकदाही मनात आलं नाही बघ. हात आपोआप मागे गेला."

ती अजूनही चामड्याची पर्स वापरत नाही. वापरायला हवी असं माझंही म्हणणं नाही. जनावरांसाठी, श्रद्धेसाठी, कुणी चामडं टाळत असेल तर तो त्यांचा प्रश्न. फक्त या वर्षी वारीहून आल्यावर तिनं मला फोन करून सांगितलं की तिनं दिंडीतल्या पखवाजवाल्या काकांना विचारलं, पुडी कुणाकडून मढवून घेता? त्यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं. येताना ती तिथे जाऊन, त्यांच्या घरी चहा पिऊन आली.

आणि हो, तिला आणखी एक कार्ड हवंय. या वेळी द्यायचं कुणाला ते तुम्ही ओळखा. मी कागद भिजवायला घेतलाय.

[कागद चुरगळल्याचा आवाज]

तर मंडळी, तुम्ही केलेल्या कागदी स्वेडचे फोटो नक्की पाठवा. आणि तुमच्या घरात अशी एखादी वस्तू असेल, जी सगळ्यांना हवी असते पण ती करणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नसतं, तर तेही विचारून कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या.